रांगोळीतलं स्वयंपाकघर

मापाच्या बाबतीत या गोकुळदासाला कोणी शिकवू नये! एकतीस वर्षं मी आमोण्याच्या धक्क्यावर, वजनकाट्याच्या खिडकीत काढली आहेत. खनिजाचा ट्रक भरलेला यायचा, त्याचं वजन घ्यायचं. रिकामा होऊन परतायचा, पुन्हा घ्यायचं. दोहोंतला फरक तो माल. मी निवृत्त झालो, पण सवय सुटली नाही. आता माणसं तोलतो. माणूस येताना काय बोलतो आणि जाताना काय बोलतो, यांतला फरक म्हणजे त्याचं काम. आमचे थोरले बंधू सदाशिव दर रविवारी डिचोलीहून येतात ते "गोकुळ, प्रकृती कशी आहे रे?" असं विचारत, आणि जातात ते "हुमण बरं झालं होतं हो" असं म्हणत. काढा फरक! माशाच्या हुमणाखेरीज काही उरलं तर मला सांगा.

तर अशा माणसाने स्वतःच्या घरातलं स्वयंपाकघर आखायचं ठरवलं. आमचं स्वयंपाकघर म्हणजे काडेपेटी, आणि शेजारची जेवणाची खोली म्हणजे तिचीच धाकटी बहीण. मधली भिंत पाडायची, दहा बाय अठराची एकच खोली करायची, तिथेच रांधायचं नि तिथेच जेवायचं. काम पावसाच्या आत. ओटा कुठे, मेज कुठे, एवढंच ठरायचं होतं.

सून सिद्धी मोबाइल घेऊन बसली.

"पप्पा, हा बघा एल-शेप. हा यू-शेप. आणि हा आयलंड."

"आयलंड म्हणजे?"

"मधोमध ओटा, चारी बाजूंनी मोकळं."

"अगो, बेटंच बघायची तर समोर मांडवीत थोडी आहेत? दहा फुटांच्या खोलीत बेट केलंस तर आमटी वाढायला होडी लागेल!"

मुलगा परेश म्हणाला, "पप्पा, आईला विचारा ना."

आई, म्हणजे आमची प्रभावती, दारात बसून आमसुलं निवडत होती. म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं?"

हे वाक्य मी जसंच्या तसं नोंदवून घेतलं. तिथेच चुकलो. पण ते पुढे.

आमसुलं निवडता निवडता ती हळूच म्हणाली, "एकच सांगते. चौतीस वर्षं भिंतीकडे तोंड करून रांधलं. नदीकडे उघडणारं एक जनेल काढा, खिडकी. आणि त्या जनेलाकडे बसून एकदा तरी मला गरम चहा पिऊ द्या. गरम!"

आता हे खरंच होतं. आमच्या घरात प्रभावतीचा चहा कोणी गरम पाहिलेला नाही. ती कप तोंडाला लावते न लावते तोच एकाला लोणचं हवं असतं, दुसऱ्याचा पाव संपलेला असतो, आणि मला वर्तमानपत्र तिनेच कुठे ठेवलं ते हवं असतं. तिचा चहा ओट्याच्या कडेला बसून साय धरतो. मला एकदम कणव आली. म्हटलं, "काढलं जनेल! मेजही जनेलाला चिकटून!"

मोबाइलवर काही खरं कळत नाही. वीतभर पडद्यात अठरा फूट कसे मावणार? मी सरळ अंगणात उतरलो. शेणाने सारवलेलं अंगण, वर एप्रिलची संध्याकाळ. टेप धरली, दोरी ताणली, आणि डबाभर रांगोळीने अख्खी खोली जमिनीवर काढली. खऱ्या मापाची! इथे ओटा, इथे शेगडी, इथे फ्रिज, हे दार, हे जनेल.

"आता मेज कुठे ते सांग," मी प्रभावतीला म्हटलं.

ती रांगोळीच्या दारातून आत आली. जनेलाच्या रेघेपासून पावलं मोजली. मग थांबली आणि मान वर करून बराच वेळ आकाशाकडे बघत राहिली. पहिली चांदणी तेवढ्यात उगवली होती. मला वाटलं, बाई हरखली. मग तिने अंगठ्याने जमिनीवर फुली मारली आणि म्हणाली, "इथे."

आणि मग जे झालं ते मी काट्यावरच्या एकतीस वर्षांत पाहिलेलं नाही. आम्ही त्या स्वयंपाकघरात राहायला लागलो! संध्याकाळ झाली की खुर्च्या घेऊन रांगोळीच्या मेजाभोवती बसायचं. भिंती नव्हत्या, तरी गप्पा हळू आवाजात. खाजनावरून, नदीकाठच्या खाऱ्या शेतांवरून, वारा यायचा, लांब नदीत खनिजाची एखादी बार्ज दिवे लावून सरकायची, आणि नसलेल्या जनेलातून प्रभावती ती बघत बसायची. चेहरा असा की जणू बार्ज तिच्यासाठीच बाहेर काढली आहे. नसलेल्या शेगडीपाशी सिद्धी उभी राहून हात हलवून बघायची. कुत्रा रोज फ्रिजमध्ये झोपायचा.

एकदा सदाशिवदादा आले ते तडक ओट्यावरून चालत.

"भाऊजी!" प्रभावती ओरडली. "भिंतीतून काय येता? दार इकडे आहे!"

दादा दचकले, मागे फिरले, आणि खरोखर दारातून आत आले! येताना डोकं वाकवलं, चौकट लागू नये म्हणून! बसले आणि म्हणाले, "बरंच ऐसपैस झालंय हां गोकुळ. हवाही खेळती आहे."

मे महिन्यात सावंतवाडीकडचा शांताराम गवंडी आला. माणूस कमी बोलणारा. त्याने रांगोळीभोवती दोन फेऱ्या मारल्या, विडी विझवली, मग आत जाऊन खोली बघितली, परत बाहेर आला.

"काकानू, मेज लाकडाचा करूया, हलता, की दगडाचा, भक्कम?"

"काळा ग्रॅनाइट! चिऱ्याच्या खांबांवर! एक कड भिंतीत रोवायची."

"म्हंजे मगे हलवूचा झाला तर?"

"शांताराम, दगड कोणी हलवतो?"

शांतारामने प्रभावतीकडे पाहिलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली नाही. फक्त सूप जरा जोरात वाजलं.

"बरा," शांताराम म्हणाला. त्याच्या "बरा"मध्ये केवढा माल होता, ते मी तोललंच नाही.

खोली झाली. आणि काय झाली! जनेल उघडलं की खाजन, माड, नदी, पलीकडचे डोंगर, सगळं ताटात वाढल्यासारखं समोर. खाली काळंभोर मेज, इतकं गुळगुळीत की त्यात आभाळ दिसायचं. पहिल्या सकाळी प्रभावतीने चहाचा कप तिथे ठेवला. खुर्ची ओढली.

त्या खुर्चीवर मी बसलो. अहो, वर्तमानपत्राला उजेड तिथेच चांगला! समोरच्या खुर्चीत परेशने लॅपटॉप मांडला, कारण म्हणे रेंज तिथेच येते. रविवारी दादा आले आणि दुपारभर जनेलात बसून नदीला सूचना देत राहिले. प्रभावती मेजाभोवती वाढत फिरत होती. पूर्वी ती भिंतीकडे बघून उभी असायची, आता आमच्या पाठींकडे बघून. चहा ग्रॅनाइटवर ठेवलेला. आणि ग्रॅनाइटवर चहा लाकडाहून लवकर गार होतो, हेही त्यात कळलं.

एकदा तिने विचारलं, "माझी जागा खंय?"

"सगळं घर तुझंच गो!" मी उदार मनाने म्हणालो आणि पान उलटलं.

तिने कप उचलला, थंड चहा एका घोटात प्यायली, आणि पुन्हा हा विषय काढला नाही. शहाण्या माणसाने इथे घाबरायला हवं होतं.

दिवस गेले, चवथ आली. आमच्या सगळ्या घराण्याचा गणपती आमच्याकडे बसतो, पाच दिवस. आदल्या रविवारी दादा माटोळी बांधायची तयारी बघायला आले. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला नारळ, सुपारीचे घड, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, रानातली नाही नाही ती फळं बांधतात, ती माटोळी. ती टांगायला वरच्या तुळईत चार लोखंडी कड्या आहेत. आमच्या पणजोबांनी ठोकलेल्या.

दादांनी वर पाहिलं. चार कड्या. खाली पाहिलं. मेज. पुन्हा वर. पुन्हा खाली.

"गोकुळ! गणपती बसणार खंय?"

जुनं लाकडी मेज आम्ही दर चवथीला उचलून सोप्यावर ठेवायचो. त्याच्या जागी चौरंग, चौरंगावर गणपती. ते इतकं अंगवळणी पडलेलं, की वर्षाचे अकरा महिने जेवतो ती जागा बाराव्या महिन्यात देवाची, हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. आणि राहणार कसं? मी खोली काढली अंगणात. अंगणाला भिंती काढता येतात, दारं काढता येतात. छप्पर कुठून काढणार? कड्या कुठून काढणार?

"फोड ते!" दादा गरजले.

"दादा, पुढच्या खोलीत बसवू या..." परेश पुटपुटला.

"चार पिढ्या ह्या कड्यांखाली बसलाय तो! तुझ्या रेंजसाठी जागा सोडणार?"

शांतारामला बोलावलं. तो घण घेऊन आला. मेजावर बोटाने टकटक केलं. "फुटतला," म्हणाला. "पन जनेलाची भितय वांगडा येतली."

म्हणजे मेज गेलं तर जनेलही जाणार! मी प्रभावतीकडे पाहिलं. ती मेजाच्या कडेला उभी होती, एक तळहात दगडावर पसरून. मेजात आभाळ होतं, आभाळात तिचा हात. शांतारामने घण एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"भाऊजी," प्रभावती शांतपणे म्हणाली, "चवथीला गणपती आपल्याकडे येतो तो कोण म्हणून?"

"म्हणजे? देव म्हणून!"

"पाहुणा म्हणून ना? आपण त्याला पंचखाद्य करतो, पातोळ्या करतो, पानावर वाढतो. मग जेवायला आलेल्या पाहुण्याला आपण बसवतो कुठे?"

दादांनी भटजींना फोन लावला. भटजी म्हणाले, "उंच जागा, धुतलेली जागा, दगडाची जागा. आणखी काय हवं देवाला?"

मूर्ती आली. मेजावर पाट, पाटावर मूर्ती. वर माटोळी. आणि काय सांगू, चार कड्यांच्या बरोबर मधोमध! बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. मुकुट आणि तवशी यांत बरोबर वीतभर अंतर. दादा म्हणाले, "गोकुळ, माप मात्र अचूक हां!" मी विनयाने मान खाली घातली. एकतीस वर्षांचा काटा आहे शेवटी!

पाच दिवस गणपती नदीकडे पाठ करून, आमच्या शेगडीकडे बघत आरामात बसला. घरातली साताठ माणसं खाली पाटावर, केळीच्या पानावर. माझे गुडघे आरतीच्या तालात वाजत होते. पण घर कसं सुगंधी, उजळ, तरंगल्यासारखं! वाटायचं, हे असंच राहावं.

असंच राहिलं!

विसर्जनानंतरच्या रविवारी दादा हजर. पाच दिवसांचा शाकाहार त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. सोबत बांगडे. सिद्धीने हुमण केलं, चार तुकड्या तळल्या. दादांनी जनेलाकडची खुर्ची ओढली, ताट पुढे घेतलं, पहिला घास उचलला.

"भाऊजी," प्रभावती म्हणाली, "जिथे पाच दिवस देव बसला, तिथे बांगडा ठेवणार तुम्ही?"

घास हवेत थांबला.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी परेशकडे पाहिलं. परेशने बांगड्याकडे पाहिलं. ज्या माणसाने त्या जागेसाठी चार पिढ्यांचा दाखला दिला होता, तो आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? दादांनी ताट उचललं, मेजाला नमस्कार केला, आणि मुकाट्याने सोप्यावर गेले. तिथे आमचं जुनं लाकडी मेज पुसून ठेवलेलं होतं. चार खुर्च्याही मांडलेल्या. अगोदरच!

तेव्हापासून आम्ही सोप्यावर जेवतो. समोर रस्ता, रस्त्यावर ट्रकची धूळ. मासे नसलेल्या वारी आत बसायला परवानगी आहे. म्हणजे सोमवारी. सोमवारी माझा उपास असतो.

आणि आत, जनेलाशी, काळ्या मेजावर कोपर टेकून प्रभावती एकटी चहा पिते. चहाला काय, तो शाकाहारी! कपातून वाफ निघते, मेजातल्या आभाळात विरते, आणि ती लांब जाणाऱ्या बार्जकडे बघत राहते. कोणी लोणचं मागत नाही. मागणारे सोप्यावर आहेत.

परवा सोप्यावर बसल्या बसल्या मला ती एप्रिलची संध्याकाळ आठवली. आम्ही सगळे खाली रांगोळीकडे बघत होतो, आणि एकटी तीच वर बघत होती. कितीतरी वेळ. मला वाटलं होतं, चांदणी. शांतारामने हलवायचं विचारलं तेव्हा सूप जोरात वाजलं होतं. मला वाटलं होतं, तांदूळ.

मी आत गेलो. विचारलं, "प्रभावती, त्या दिवशी अंगणात तू वर काय बघत होतीस?"

तिने कप खाली ठेवला. बोटाला चटका लागला असावा, कारण तिने बोट झटकलं आणि हसली.

"मला काय कळतं त्यातलं?" ती म्हणाली.

एकतीस वर्षं काट्यावर काढली हो मी! आणि चौतीस वर्षं घरात उभ्या असलेल्या गाडीचं दुसरं वजन घ्यायचं राहूनच गेलं.