साभार परत

सकाळपासून सातव्यांदा गुरुदत्त नेर्लेकरांनी मेल तपासली आणि सातव्यांदा सुस्कारा सोडला. स्वयंपाकघरातून देवयानीबाईंचा आवाज आला.

"अहो, यायची असेल तर येईल ती मेल. पोळ्या गार होतायत."

"मी कुठे वाट बघतोय?" गुरुदत्त म्हणाले. खोटं बोलण्यात त्यांना कधीच गती नव्हती.

कोलकात्याचं मराठी मंडळ यंदा शहरातल्या एका मराठी लेखकाचा सत्कार करणार, ही बातमी त्यांच्या कानावर आली होती. शहरात मराठी लेखक होते किती? बराकपूरला एक कवी होते, त्यांची नागपूरला बदली झाली. उरले गुरुदत्त. न्यू टाउनमधल्या कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी बावीस वर्षांत 'ई-मेलची प्रमाणके' या ग्रंथाचे दोन खंड लिहिले होते. मेलवर तारीख कशी हवी, विषय केवढा हवा, कुणाचा पत्ता कुठे हवा, हे सगळे जगाने ठरवलेले नियम त्यांनी नऊशे पानांत समजावून सांगितले होते. तिसरा खंड प्रकाशकाने 'साभार परत' केला. पहिल्या दोन खंडांच्या दोनशे अकरा प्रती पलंगाखाली रचलेल्या होत्या आणि त्यांच्यामुळे पलंग करकरायचा थांबला होता, एवढाच काय तो त्यांचा उपयोग. सख्ख्या मेव्हण्यानेही ते ग्रंथ उघडले नव्हते. आयुष्यात एकदा कुणीतरी आपल्याला लेखक म्हणावं, एवढीच त्या भल्या माणसाची इच्छा होती.

आता कुणी वाचत नाही म्हणून नियम सोडायचे थोडेच? गुरुदत्तांनी घरातच स्वतःचा मेल-सर्व्हर उभारला होता आणि त्याला दरवानासारखं दारात बसवलं होतं. नियमात न बसणारी मेल हा दरवान आत घेतच नसे. मालकाला पत्ताही लागू न देता, वर 'साभार परत' असा शेरा मारून आणि खाली कारण लिहून, तो ती पाठवणाऱ्याकडे परत धाडी. ही कारणं गुरुदत्तांनी रविवारचे रविवार बसून, मन लावून लिहिली होती. चाळीस प्रकारच्या चुका आणि त्यांना चाळीस उत्तरं.

बारा दिवस मंडळाची मेल आली नाही. तेराव्या दिवशी गुरुदत्तांनी आशेचं तेरावं उरकलं आणि मंडळाच्या सदस्यत्वाचा राजीनामा लिहायला घेतला.

"अहो, फोन करून विचारा ना सरळ श्यामरावांना," देवयानीबाई म्हणाल्या.

"लेखकाने फोन करून सत्कार मागायचा? त्यापेक्षा मंडळच नको." आणि त्यांनी तारीख, विषय, पत्ता सगळं जिथल्या तिथे घालून राजीनामा पाठवून दिला. पाठवल्यावर मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटी वाजली. दारात मंडळाचे चिटणीस श्यामराव उभे. बँकेतून निवृत्त झालेले, तीस वर्षं शहराच्या बेहाला भागात राहिलेले हे गृहस्थ दोन बस आणि एक ऑटो बदलून घामाघूम झाले होते. एका हातात संदेश मिठाईचा खोका, दुसऱ्या हातात जाडजूड फाइल. राजीनामा मंजूर झाला, असं गुरुदत्तांनी मनात म्हटलं.

"पंधरा दिवस तुमच्या दारातून परत जातोय, गुरुदत्तराव," श्यामराव खुर्चीत बसत म्हणाले. "आज म्हटलं, स्वतःच जाऊन धडकावं."

त्यांनी चष्मा लावला आणि फाइलमधला पहिला कागद काढला. "मंडळाचा संगणक म्हातारा झालाय. घड्याळ बिघडलंय त्याचं. मी सत्काराचं निमंत्रण पाठवलं, तर तुमचं हे उत्तर. ऐका. 'महोदय, आपले पत्र १ जानेवारी १९७० रोजी निघाले आहे. त्या दिवशी माझ्या आईवडिलांचा विवाहही ठरलेला नव्हता. सबब हे पत्र माझ्यासाठी असणे संभवत नाही.'"

गुरुदत्तांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. निमंत्रण आलं होतं आणि त्यांच्याच दरवानाने ते हाकललं होतं.

"मग घड्याळ नीट करून घेतलं. पण सगळं पत्र मी विषयाच्या रकान्यातच लिहून बसलो. तर हे आलं. 'आपण सर्व मजकूर पाकिटावर लिहिला आहे. पाकीट उघडले असता आत काहीही आढळले नाही. पुढील वेळी आतही काही ठेवावे.'"

"पण भाऊजी, एक फोन नाही का करायचा?" देवयानीबाईंनी विचारलं.

"निमंत्रण लेखीच गेलं पाहिजे, मंडळाच्या घटनेत आहे तसं. आणि खरं सांगू का वहिनी..."

"श्यामराव, मला माफ करा," गुरुदत्त उठून उभे राहिले. "तो सर्व्हर मी आत्ता बंद करतो."

"खबरदार!" श्यामराव ओरडले. "अहो, बैठकीत वाचून दाखवली ही उत्तरं. कार्यकारिणीतल्या आभाताईंच्या नाकातून चहा आला! तिसऱ्या मेलपासून आम्ही मुद्दाम चुका करतोय. नवी चूक केली की नवं उत्तर. एकोणतीस जमलीत. काल तुमचा राजीनामा आला, तो तिसावं उत्तर म्हणून वाचला. 'प्रतीक्षेलाही प्रमाणित मर्यादा असावी.' काय वाक्य आहे! सगळ्यांत जास्त हशा त्यालाच."

गुरुदत्त मटकन खाली बसले.

"तुम्ही... सगळी वाचलीत?"

"दोन-दोनदा! मंडळातल्या दिलीपला तर पाठ आहेत. आता निमंत्रण हातानेच देतो. सत्कार विनोदी लेखक म्हणून, बरं का."

"विनोदी? पण मी त्यात एक शब्दही विनोदाने..."

"अहो," देवयानीबाईंनी बशी पुढे सरकवली, "आधी संदेश घ्या."

गुरुदत्तांनी निमंत्रण हातात घेतलं. बावीस वर्षांच्या सवयीने नजर आधी कोपऱ्यात गेली. तारीख नव्हती. विषय नव्हता. पाठवणाऱ्याचा पत्ताही नव्हता. त्यांनी तोंड उघडलं. श्यामरावांनी लगबगीने खिशातून पेन काढलं आणि फाइलवर कोरा कागद ठेवला.

गुरुदत्तांनी पत्राची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"पोचलं," ते म्हणाले.