गणपती पहिल्या टप्प्यात नाही

इतिहास जपणे हे समाजाचे कर्तव्य असून त्याचा खर्च सरकारने करावा, याबाबत सर्व सुसंस्कृत माणसांचे एकमत आहे. नाशिकचे रंगनाथरावांचे संग्रहालय गेल्या पावसाळ्यात छप्पर कोसळल्यापासून केवळ या एकमतावर उभे आहे.

संग्रहालय खासगी आहे, म्हणून किल्ली रंगनाथरावांकडे असते. ते जनतेसाठी आहे, म्हणून छप्पर जनतेच्या पैशाने व्हावे. (दोन्ही मुद्दे एकाच अर्जात होते आणि अर्ज मंजूर झाला.) वर्षाला दोनशे बारा लोक येत. त्यांतले एकशे चाळीस स्वच्छतागृह शोधत येत, पण जाताना नाणी बघून जात. इतिहासाची ओढ अशीच लागते.

निधी आला. पहिल्या टप्प्यात कमान झाली, कमानीवर रंगनाथरावांच्या वडिलांचे नाव लागले, अध्यक्षांच्या, म्हणजे त्यांच्याच, खोलीत एसी बसला. छप्पर दुसऱ्या टप्प्यात आहे. तोवर सगळ्या वस्तू रंगनाथरावांच्याच पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आहेत. भाडे निधीतून जाते. (इतिहास द्राक्षांच्या तापमानाला उत्तम टिकतो, असा त्यांचा अनुभव आहे.) दुसरा टप्पा लांबतो आहे याचे, दरमहा भाडे मिळत असूनही, त्यांना फार वाईट वाटते.

तिथेच, पेट्यांच्या मागे, हरसूलकडच्या हिरामणचा गणपती आहे. म्हणजे बोहाड्याचा, देवांची सोंगे नाचवण्याच्या गावउत्सवाचा, लाकडी मुखवटा. बोहाड्यात एकेका देवाचे सोंग एकेका घराकडे असते. हिरामणच्या घरचा गणपती आधी नाचतो, मग बाकीचे देव निघतात. वाळवीच्या भीतीने त्याने मुखवटा संग्रहालयात ठेवला होता, दर बोहाड्याला घेऊन जायच्या बोलीवर.

यंदा तो न्यायला आला, तेव्हा रंगनाथरावांनी त्याला निधीचा नियम दाखवला : वस्तू इमारतीबाहेर नेता येणार नाही.

"पण तो इमारतीत नायच ना, साहेब."

"म्हणूनच तर. आत आणल्याशिवाय बाहेर कशी काढणार?"

"आमचा गणपती निघाला नाय तं बाकीचे देव बसून राहतील."

रंगनाथरावांनी उदार मनाने फायबरचा मुखवटा देऊ केला. "ह्यो माझ्या बापानं कधी तोंडावर बांधला नाय," म्हणत हिरामणने तो टेबलावर ठेवला. अशा माणसांना आधुनिक संग्रहालयशास्त्र समजावणे कठीण जाते. मला तर त्या क्षणी त्याचा रागच आला, कारण त्याचे म्हणणे बरोबर होते.

अखेर रंगनाथरावांनीच वाट काढली. 'आमचा वारसा वाचवा' या निवेदनावर दोन हजार नाशिककरांनी सह्या केल्या, म्हणून निधी मिळाला होता. त्यांतल्या शंभर जणांनी हरकत नसल्याचे लिहून दिले, तर मुखवटा सोडता येईल. बोहाड्याला नऊ दिवस होते. हिरामण नावांची यादी घेऊन गंगापूर रोडपासून दारोदार फिरला. एक्क्याण्णव सह्या जमल्या. यंदा देव निघाले नाहीत.

रविवारी दुपारी तो तुमच्याकडेही आला होता. जाळीच्या दारातून यादी दाखवत म्हणाला, "ही सही तुमचीच हाय ना? त्या संग्रहालयासाठी केलेली?"

"कुठलं संग्रहालय?" असे विचारून तुम्ही दार लावून घेतलेत.