कोन्हेरपंतांच्या स्वल्पविरामांची हकीकत

श्री. आकड्यांस अंत नाही आणि माणसाच्या नजरेस आहे, हे जाणणाऱ्या गजाननास दंडवत घालून, एका राज्यातील जलकचेरीचे वर्तमान लिहितो ते चित्त देऊन ऐकावे.

शके एकोणीसशे एकतीस, विरोधी नाम संवत्सर. ते समयी त्या राज्यात थोरले तळे होते, आणि कोणत्या मुलखास किती लिटर पाणी सोडावे हा हिशेब कोन्हेरपंत नामे कारकून करीत असत. कचेरीची रीत ऐसी की, एकाने गणनयंत्राची, म्हणजे रयत ज्यास कॅलक्युलेटर म्हणते त्याची, बटणे दाबावी आणि दुसऱ्याने काचेवरला आकडा मोठ्याने वाचावा. जुन्या यंत्रात अंकांची नुसती रांग दिसे, मध्ये स्वल्पविराम नाही की खूण नाही. म्हणोन वाचणारा उजवीकडून तीन अंक तोडी, मग दोन दोन तोडी, आणि कोटी, लक्ष, हजार ऐसे ठासून बोले. पंत दाबीत आणि तानूबाई वाचीत. बाई तोंडाच्या भारी फटकळ. "पंत, बोटं आहेत की मुसळं? एक शून्य जास्ती पडलं बघा!" ऐसे म्हणत, आणि पंत हसोन पुन्हा दाबीत. पंतांचे कुटुंब मागेच वारले होते, मूलबाळ नव्हते, सबब दिवसाकाठी जे काय बोलणे घडे ते या मेजावरच घडे.

मग तानूबाई वयोमानाने निवृत्त होऊन लेकीकडे परमुलखी गेल्या, आणि जलसचिवांनी नवे यंत्र आणविले, ते आपले आपण स्वल्पविराम देत असे. सचिव बहुत संतोषले आणि हुकूम सोडिला की, आता वाचणाऱ्याचे प्रयोजन नाही, एक असामी पुरे. आणि दुसरी खुर्चीही उचलोन नेली. अहो, खुर्ची राहू दिली असती तर सरकारचे काय जात होते? पण नाही! पंत एकटे बसत, एकटे डबा खात, चहावाला पेला ठेवी आणि तोही न बोलता जाई. एखादे वेळी पंत सवयीने "हं, वाचा" म्हणत आणि मग ओशाळून खाली पाहत. मेजापाशी दुसरे माणूस यावे, येवढीच त्यांची आस राहिली. परंतु मागावे कोणत्या तोंडाने?

पुढे वैशाखात खालच्या मुलखाची पाणीपाळी आली, आणि पंतांनी माणसे, गुरे आणि दिवस यांचा गुणाकार केला, तो काचेवर १२,५००,००० ऐसा आकडा उमटला. यंत्र परक्या रीतीचे, दर तीन अंकांवर विराम देणारे; आणि पंतांची नजर या राज्याची, एक विराम दिसला तर हजार, दोन दिसले तर लाख, तीन दिसले तर कोटी. दोन विराम पाहोन पंतांनी साडेबारा लाख लिटर मनात धरिले आणि तळ्याच्या दरवाजावरील चौकीदारास फोनवर तेच सांगितले. वास्तविक आकडा एक कोटी पंचवीस लाखांचा होता. दहांतले नऊ हिस्से पाणी तळ्यातच राहिले.

मग खालच्या मुलखाची सरपंच गिरजाबाई उन्हातान्हाची कचेरीत आली आणि कडाडली, "तळं काठोकाठ भरलंय नि आमच्या पाटात निस्ता चिखल! लेकरांच्या घशात काय ओतू, तुमचे आकडे?" सचिवांनी पुन्हा गुणाकार करविला, अंक तेच निघाले, तेव्हा म्हणाले, "यंत्र खरे आहे. पाणी वाटेत गळाले असेल." गिरजाबाई कपाळाला हात लावून बाहेर पायरीवर बसली. पंतांचा जीव मात्र थाऱ्यावर राहिना. त्यांनी काचेवर बोट ठेविले, आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने, एकं, दहं, शतं, हजार, दशहजार, लक्ष, दशलक्ष ऐसे म्हणत गेले, आणि शेवटल्या अंकावर तोंडून कोटी निघाले, तेव्हा त्यांस आपली चूक उमगली. तात्काळ चौकीदारास दरवाजे उघडावयास सांगितले, पायरीवर जाऊन गिरजाबाईंस हात जोडिले, आणि मग सचिवांपुढे उभे राहिले.

"साहेब, चूक माझी. एकट्या माणसाला स्वतःची चूक ऐकू येत नाही. मेजापाशी दुसरं माणूस द्या."

किती दिवसांची आस ती, चुकीच्या निमित्ताने का होईना, तोंडातून निघाली. सचिव मनाचे वाईट नव्हते. त्यांनी जाणत्यास बोलावून यंत्राची रीत बदलविली, तो काचेवर १,२५,००,००० ऐसे स्वच्छ उमटले, आणि ते यंत्र पंतांपुढे ठेवून म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, पंत. हे एकट्याला बिनचूक वाचता येतं का? येत नसेल तर उद्याच माणूस देतो. तुमच्या शब्दावर सोडलं."

पंतांनी काचेवरला आकडा मनातल्या मनात वाचिला, तो एका नजरेत वाचता आला. "नाही" म्हणावयाचे होते, इतकेच. परंतु अजाणता खोटे बोलोन एक मुलूख तहानेला ठेविला होता. आता जाणून बोलवेना.

"येतं, साहेब," पंत म्हणाले. "काही अडचण नाही."

सचिवांनी पाठ थोपटिली आणि म्हणाले, "शाबास! मग प्रश्न मिटला."

सारांश, खालच्या मुलखास पाणी पोचले, पुढे हिशेबात तसूभर चूक जाहली नाही, जलकचेरीची चहूकडे वाहवा जाहली, आणि कोन्हेरपंत निवृत्त होईतो त्या मेजावर एकटेच बसले. जे घडले ते लिहिले.