रिकाम्या घराची गळती-सुरक्षा (आजीसह)

रिकाम्या घराला चोरापेक्षा पाण्याचं भय जास्त. चोर आला तर आपल्याच घरातलं नेतो. पाणी खालच्या मजल्यावर जाऊन आपली अब्रूही नेतं.

टॅम्पिनीसमधल्या आमच्या फ्लॅटला हे भय दर हिवाळ्यात असतं. (सिंगापुरात हिवाळा नसतो. शाळांना सुट्टी लागून मराठी कुटुंबं भारतात जातात, त्या डिसेंबराला हिवाळा म्हणतात.) गेल्या हिवाळ्यात आमचा पाइप गळला आणि खालच्यांच्या छताला ओल आली. म्हणून यंदा माझ्या मुलाने, रुचिरने, गळती ओळखणारं यंत्र बसवलं. शिवाय त्याच्या कॅनडातल्या मित्राने सूचना पाठवल्या होत्या. त्यांनुसार पाइप गोठू नयेत म्हणून ते लोकरीत गुंडाळले. माझे दोन्ही स्वेटर या देशात प्रथमच उपयोगी पडले.

यंदा जायचं होतं वाईला, माझ्या धाकट्या बहिणीच्या, साधनाच्या, सहस्रचंद्रदर्शनाला. माझी बॅग सगळ्यांच्या आधी भरून झाली होती. आमच्या लहानपणी गावाला निघताना आई हंडे-कळश्या उपड्या घालायची आणि शेजारी किल्ली द्यायची. तेवढ्यात घर सुरक्षित व्हायचं. त्या आठवणीने मी म्हटलं, “जाताना मेन कॉक बंद करू या.”

“आई, कॉक बंद केला तर यंत्राला डेटा कुठून मिळणार?” रुचिर म्हणाला.

बरोबरच होतं. गळतीवर लक्ष ठेवायचं तर पाणी चालू हवं. पाणी चालू असलं की गळती होऊ शकते. यंत्राने गळती कळवली तर ती खरी की खोटी, हे बघायला घरात कोणीतरी हवं. रिकाम्या घराची ही मूलभूत गरज आहे.

“आजी, सो ईझी ला!” नात गार्गी म्हणाली. “बीप झालं की बघायचं, ओके दाबायचं.”

“आणि तिकडे थंडी किती असते, आई,” सूनबाई म्हणाली. (स्वेटर पाइपांवर होते, त्यामुळे मुद्दा बिनतोड होता.)

यंत्र ‘घरात कोणी नाही’ या सेटिंगवर ठेवून मंडळी गेली. या सेटिंगमध्ये पाणी वाहिलं की ती गळती, आणि गळती मोठी वाटली की यंत्र पाणी तोडतं. सोहळ्याच्या दिवशी मीही न्हाऊन नवी साडी नेसावी म्हटलं. अंगाला साबण लागला आणि पाणी आपोआप बंद झालं. लगेच वाईहून फोन.

“आई, बाथरूममध्ये मोठा लीक दाखवतंय!”

“मी आहे रे ती.”

“नक्की?”

“साबणासकट मीच.”

“मग जरा बेताने वापर ना. रिपोर्ट बिघडतो.”

त्याच्या मागे औक्षणाची गडबड ऐकू येत होती. मी म्हटलं, “साधनाला दे जरा.”

“मावशीला ओवाळतायत गं. नंतर लावतो.”

‘नंतर’ म्हणजे कधी, एवढं मात्र ते यंत्र दाखवत नाही.

शेवटी अहवाल आला. एकूण गळत्या: एकोणीस. पैकी पाइपांच्या: शून्य. माझ्या: एकोणीस. घरात उपस्थित व्यक्ती: शून्य. रुचिरने परतल्यावर तो सगळ्यांना अभिमानाने दाखवला. खालच्यांचं छतही कोरडं राहिलं, हे मान्य केलंच पाहिजे.

तेव्हापासून ओळखीची मंडळी यंत्राचं नाव विचारतात. तुम्हीही विचारणारच होतात, जरूर सांगते. फक्त खोक्यात म्हातारं माणूस येत नाही, ते घरचं लागतं. घरात नसेल तर हरकत नाही. यंत्र टिकाऊ आहे. तुम्ही त्या वयाचे होईपर्यंत सहज चालेल.