आठ सूर आणि तीन नखं

"आठच तर सूर आहेत!" ठकूच्या आईने जाहीर केलं. "आणि हातात दोन आठवडे. म्हणजे एका सुराला पावणेदोन दिवस! पावणेदोन दिवसांत माणूस अख्खं कपाट आवरतो."

"तू मागच्या वर्षापासून आवरतेयस," ठकूचा बाबा म्हणाला आणि उत्तर यायच्या आत ऑफिसला पळाला.

उकुलेले घरात येऊन तीनच दिवस झाले होते. गिटारचं शेंडेफळ शोभावं असं चार तारांचं एवढंसं वाद्य! आणलं होतं ठकूसाठी. पण तपासल्याशिवाय लेकीच्या हातात कागदाचा कपटाही द्यायचा नाही, हा आईचा नियम. तपासता तपासता फोनवर फ्लेमेंको, म्हणजे स्पेनचं झणझणीत गिटारवादन, शिकवणारे एक दाढीवाले गुरुजी सापडले, आणि ठकूचं उकुलेले आईचं झालं.

आता माघार घ्यायची सोय नव्हती. साडेतीन वर्षांची ठकू घरी पोपट आणि बालवाडीत पुतळा! दोन महिन्यांत तिथे तिने अक्षर उच्चारलं नव्हतं. आईने दोन डॉक्टरांना विचारलं, चार पुस्तकं वाचली, बालवाडीच्या खिडकीतून सहा वेळा डोकावून पाहिलं. आणि आदल्याच दुपारी बालवाडीच्या ताईंचा फोन आला.

"अहो, ठकू बोलली!"

"काय? काय बोलली?"

"'माझी आई फ्लेमेंको वाजवते!' अख्ख्या वर्गाला सांगितलं! तर मी ठरवूनच टाकलं, पुढच्या पुढच्या शुक्रवारी पालकांचा तास तुमचा."

पोरीचं पहिलं वाक्य खोटं ठरलं, तर ती पुन्हा जन्मात तोंड उघडायची नाही! हा निष्कर्ष काढायला आईला पाव सेकंद पुरला. तिने कंबर कसली.

पण गुरुजींनी शिकवलेले ते आठ सूर साधे नव्हते. पहिला मोकळ्या तारेचा, दुसरा त्याला खेटून, आणि तिसरा एकदम दांडीवरचे दोन पडदे ओलांडून पलीकडे! फ्लेमेंकोचा सगळा झणका म्हणे त्या उडीत. डाव्या हाताचं बोट उडी मारून पोचायच्या आत उजव्या हाताने तार छेडलेली असायची. दहा दिवसांत ती तिसऱ्या सुरावर जितक्या वेळा आपटली, तितक्या वेळा ठकू चालायला शिकताना पडली नव्हती.

"अगं, तिसऱ्याला काय होतं?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं वाटतं."

"फ्लेमेंको आहे ते, आई!"

"असेल बाई. मांजराला माहीत आहे का?"

तिने दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

गुरुजींचं म्हणणं, उजव्या हाताची नखं दणकट हवीत. पण काळजी करता करता ठकूची आई नखं कुरतडते, आणि काळजी तर ती चोवीस तास करते! त्यावरही गुरुजींकडे तोडगा होता. नखांवर सुपरग्लूचा पातळ हात मारा, दहा मिनिटं वाळू द्या, झाली पोलादी नखं.

शुक्रवारी दुपारी तिने ट्यूबवरची सूचना तीनदा वाचली, खिडकी उघडली, ठकू बालवाडीत असल्याची मनाशी पुन्हा खात्री केली, आणि तीन नखं रंगवली. गजर लावला, दहा मिनिटांचा. चौथ्या मिनिटाला फोन वाजला.

"तुमचा चारचा तास तीनला घेऊ का?" ताई विचारत होत्या. "एका मुलाचे बाबा दातांचे डॉक्टर आहेत, तेव्हा ते येणार होते. पण त्यांचीच दाढ ठणकतेय."

घड्याळात पावणेतीन! "निघालेच!" म्हणत तिने फोन टाकला, उकुलेले झडप घालून उचललं, म्हटलं एकदा शेवटचं वाजवून बघू, आणि उजवा हात जागेवरून हलेना! तीन बोटं लाकडाला घट्ट. तीही तारांपासून इतकी खाली, की अंगठा कितीही ताणला तरी तारेपर्यंत पोचेना.

"आई! मी चिकटले!"

सासूबाई धावत आल्या. त्यांनी बोटं पाहिली, उकुलेले पाहिलं, सुनेचा चेहरा पाहिला. "साबणाचं गरम पाणी करते. अर्धा तास तरी बुडवून ठेवावं लागेल."

"अर्धा तास नाहीये! तुम्ही कुलूप लावा, मला लावता येत नाही!"

वरात निघाली. पुढे उकुलेले कवटाळलेली सून, मागे तिची पर्स आणि चपला घेतलेल्या सासूबाई. सुनेच्या पायात घरातल्या सपाता! कोपऱ्यावर निवृत्त पोस्टमास्तर भेटले. "वा! कला अशी उराशी धरावी लागते!" ते गहिवरून म्हणाले. "सुटत नाहीये, काका!" ती ओरडली. "सुटूच नये!" त्यांनी आशीर्वाद दिला.

बालवाडीत बावीस मुलं सतरंजीवर मांडी घालून बसली होती. ठकू पहिल्या रांगेत, ओठ घट्ट मिटून. तिने फक्त आईकडे बघितलं. बस्स!

आईने डाव्या हाताचं बोट उगारलं आणि तारेवर नुसतंच आपटलं. टण्ण! अरेच्चा, तार न छेडताही सूर निघतो की! बोट ओढून काढलं, मोकळी तार वाजली: पहिला सूर. आपटलं: दुसरा. मग उडी... आणि घाई करणारा हात तर लाकडाला चिकटलेला! तिसरा सूर स्वच्छ वाजला. चौथा, पाचवा, पार आठव्यापर्यंत. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच!

टाळ्या पडल्या. "छान!" ताई म्हणाल्या. "आता उकुलेले मुलांना हातात घेऊ द्या हं."

आईने उकुलेले आणखी घट्ट कवटाळलं. तेवढ्यात ठकू उठून उभी राहिली.

"ते निघणार नाही," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आईची बोटं चिकटलीत. फोनमधले दाढीवाले गुरुजी गोंदाची नखं करायला सांगतात. आणि आई नखं खाते. आणि मला नको खाऊ सांगते. आणि आमची आजी म्हणते, मांजर..."

"ठकू, पुरे!"

पण ठकू कुठली थांबतेय! रंगकामाच्या टोपात आईचा हात अर्धा तास साबणाच्या पाण्यात होता. बावीस मुलं टोपाभोवती श्वास रोखून बसली होती आणि ठकू दोन महिन्यांची थकबाकी वसूल केल्यासारखी बोलत होती. शेवटी बोटं सुटली. दोन नखांचे तुकडे आणि लाकडाचं थोडं पॉलिश यांची अदलाबदल झाली, एवढंच.

आईचे डोळे भरून आले. लेक बोलली! सूर लागले! निघताना ताईंनी तिचा ओला हात हातात घेतला.

"इतकं परिणामकारक मी आजवर पाहिलं नाही. मुलं जन्मात विसरणार नाहीत!"

"खरंच?" तिची मान ताठ झाली. "म्हणजे तिसरा सूर कळला तुम्हाला?"

"कसला सूर?" ताई म्हणाल्या. "मोठ्यांना विचारल्याशिवाय गोंदाला हात लावू नये, हे किती छान करून दाखवलंत! पुढच्या महिन्यात असंच काहीतरी कात्रीचं जमेल?"