नावं दोन, लिंब एक

आजवर हे गावाबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या मंठाळच्या ख्रिस्ती देवळात माझ्या मेलेल्या भावाचं नाव पुकारलं जाई, तेव्हा "हजर" असं मी ओरडायचो.

हजेरी घेत देवळाचे राखणदार यहोशवा अप्पा. तीही माणसांची नव्हे, झाडांची. लेकराचा बाप्तिस्मा झाला की उरलेलं पाणी ते सांडू देत नसत. त्या लेकराच्या नावानं देवळाच्या अंगणात कडुलिंबाचं रोप लावून त्याला घालत. रविवारी उपासना सुटली की एकेका झाडापाशी उभं राहून नाव पुकारत. ज्यानं पाणी घातलं असेल त्यानंच "हजर" म्हणायचं.

पाळक साऱ्या सृष्टीसाठी प्रार्थना करू लागले की अप्पा मागून म्हणत, "सृष्टी लई लांब हाय, साहेब. आपल्या हिरीत गाळ साचलाय, त्येचं बोला." मग पाळकांची प्रार्थना विहिरीवर येई.

योना आणि मी जुळे. रोपंही शेजारीशेजारी. योना तापानं गेला आणि पुढच्याच उन्हाळ्यात एक रोप वाळलं. पाणी तर मी दोन्हींना घालत होतो.

आईनं विचारलं, "अप्पा, जगलं ते कुणाचं?"

"योनाचं, अक्का."

आई रडली, पण त्या दिवशी पोटभर जेवली. मी देवळामागं जाऊन बसलो. म्हणजे वाळलं ते माझं? अप्पा शोधत आले. "येड्या, जगलं ते तुजं हाय. ऊठ, पाणी घाल."

तेव्हापासून त्या एका झाडापुढं दोन नावं. दोन्हींना मीच हजर. लोक म्हणत, "अप्पा, ह्यो कसला हिशोब?"

"तू पटवारी हायस का रं? तुजं झाड सुकायलंय, ते बघ आदी."

झाड माझं असावं असं वाटे, आणि तसं वाटल्याची लाज वाटे.

नोकरीसाठी गुलबर्ग्याला निघताना शेवटी विचारलंच, झाड नक्की कुणाचं. अप्पा आळ्यातली माती सारखी करू लागले.

"खरं सांगू? रोपं लावतानाच घोळ झाला. तुमी दोगं एकसारके. कंचं कुणाचं, मलाच ठाव न्हाई. कामून इचारायलास आता?" मग हळूच म्हणाले, "माजा बाप्तिस्मा वड्यात झाला. पाणी वाहून गेलं. माज्या नावाचं झाडच न्हाई हितं, कुणी पुकारत बी न्हाई. म्हणून तुमचं एक बी नाव गाळवंना."

दर उन्हाळ्यात येऊन पाणी घालीन, असं मी त्यांना म्हणालो होतो. अप्पा गेले. मी एकदाही गेलेलो नाही. दोघांचं पाणी माझ्याकडे बाकी आहे, आणि अप्पांच्या नावाचं एक रोप.