सा. असताना बंद

दुकानदार त्यांना काटेसाहेब म्हणत. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांची वीस वर्षं गेली होती, आणि दुकानात पाऊल टाकलं की ते आधी काट्याकडे बघत, मग माणसाकडे. कोणी काहीही सांगितलं तरी स्वतः तोलून बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. "बिघाड पळून पळून जाणार कुठे?" असं ते म्हणायचे. "आपण फक्त नोंदी ठेवायच्या. दहा-बारा नोंदी झाल्या की तो आपणहून हात वर करतो."

त्यांची गाडी जुनी होती, पण जशी विकत घेतली तशी त्यांनी ती राहू दिली नव्हती. इंजिनावरचा मूळचा पेट्रोल पंप कुरकुर करायला लागल्यावर त्यांनी विजेवर चालणारा पंप आणला आणि मागे टाकीजवळ बसवला. वायर स्वतः ओढली, जोड स्वतः दिले, वरून काळी टेप गुंडाळली. त्याच हौसेत पुढे दोन जास्तीचे दिवे लागले, डिकीत स्पीकर आले आणि गाडी मागे घेताना वाजणारा एक बझर आला. तो डावीकडे वळतानाही वाजायचा. "एकंदरीत सावध गाडी आहे," असं काटेसाहेब त्याचं समर्थन करत.

सासूबाई राहायला आल्या तोवर सगळं सुरळीत होतं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि सहा आठवडे, एक दिवसाआड, सकाळी दहाला व्यायामाच्या दवाखान्यात जायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, मध्ये खंड पडला तर पाय कायमचा आखडेल. जावयाने छाती पुढे काढून सांगितलं, "आई, टॅक्सीचं नाव काढू नका. दारात गाडी आहे."

पहिल्याच दिवशी शाळेपुढचा गतिरोधक ओलांडला आणि अर्ध्या मिनिटात गाडीने दोन आचके दिले नि मान टाकली. मागे हॉर्नचा गलका झाला. सासूबाई मागच्या सीटवरून काठी टेकत उतरल्या आणि फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. काटेसाहेबांनी बॉनेट उघडलं, दोन वायरी हलवल्या, एक नळी दाबली, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

"कचरा अडकला असेल," ते म्हणाले.

"निघाला का?" सासूबाईंनी विचारलं.

"निघालाच असणार. सुरू झाली ना."

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. सासूबाई उतरायच्या, बॉनेट उघडायचं, वायरी हलायच्या, गाडी सुरू व्हायची. शाळेच्या फाटकावरचा रखवालदार तर त्यांच्यासाठी खुर्ची बाहेर काढून ठेवू लागला.

काटेसाहेबांनी पेट्रोलचा फिल्टर बदलला. टाकी उपसून धुतली. कॉइल बदलली, प्लग बदलले, बॅटरीची टोकं पॉलिश पेपरने इतकी घासली की त्यांत तोंड दिसावं. प्रत्येक कामानंतर ते एकटेच गाडी घेऊन निघत, तोच रस्ता, तोच गतिरोधक, आणि गाडी शहाण्या मुलासारखी घरी येई. बायकोला शेजारी बसवून फिरवली, तरी काही नाही. सासूबाई बसल्या की शाळेपुढे पुन्हा मान टाकलेली.

शेवटी त्यांनी वही काढली. तारीख, वेळ, हवा, टाकीतलं पेट्रोल, कुठे बंद पडली, कशाने सुरू झाली, गाडीत कोण होतं. नोंदी भरत गेल्या, आणि एका रविवारी दुपारी त्या समोर ठेवून बसले असता त्यांच्या अंगावर काटा आला. गाडी अकरा वेळा बंद पडली होती, आणि अकराही वेळा शेवटच्या रकान्यात "सा." होतं. "सा." नसताना तीसच्या वर फेऱ्या झाल्या होत्या. त्यांत एकदाही नाही.

बायको मागून वाकून बघत होती. "हे सा. म्हणजे काय?"

"सामान," काटेसाहेब म्हणाले.

त्यांना वाटलं, वेळ निभावली. पण बायकोने ते सरळ मनाने आईला सांगितलं, आणि आईने मंगळवारी आपली टॉवेल-बाटलीची पिशवी घरी ठेवली, हलक्या होऊन बसल्या. गाडी बंद पडली. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "पिशवीचा काही दोष नाही, जावईबापू. जरा ती वही बघू."

वही द्यावी लागली. त्यांनी चष्मा लावून तीन पानं शांतपणे वाचली. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"'सा. उतरताच गाडी पूर्ववत.' सामान स्वतःहून कधीपासून उतरायला लागलं?"

काटेसाहेबांनी वही हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

"राग मानू नका, आई. ही शास्त्रीय पद्धत आहे. आता फक्त वजनाचा प्रश्न तपासायचा. म्हणजे... तुमचं वजन साधारण...?"

स्वयंपाकघरात भांडं घासण्याचा आवाज थांबला.

"पन्नास," सासूबाई म्हणाल्या.

पेढीवरच्या शेठजीने शपथ घेऊन सांगितलेला किलो ज्यांनी कधी मान्य केला नव्हता, त्या काटेसाहेबांनी वहीत मुकाट्याने पन्नास लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीतून रीतसर सही करून लोखंडी वजनं आणली. वीसची दोन, दहाचं एक. सासूबाई बसत तिथेच, मागे डाव्या बाजूला ती रचली आणि वरून पट्टा लावला. शाळेच्या रखवालदाराने नेहमीप्रमाणे खुर्ची बाहेर काढली, पण गाडी थांबली नाही. काटेसाहेबांनी तो गतिरोधक सहा वेळा ओलांडला. काही झालं नाही.

संध्याकाळी त्यांनी निष्कर्ष जाहीर केला. "एक गोष्ट सिद्ध झाली. वजनाचा काही संबंध नाही."

बायको कणीक मळत होती. तिने हात थांबवले. "म्हणजे दोष आईच्या वजनाचा नाही, आईचाच आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी असं कुठे म्हटलं? नोंदी म्हणतात."

आतल्या खोलीत सासूबाईंनी मुलाला फोन लावला होता. आवाज अगदी नेहमीचा होता. "अरे, उद्या सकाळच्या गाडीने येते मी तुझ्याकडे. नाही, नाही, भांडण कसलं? इथे माझ्यामुळे यंत्रं बिघडतात." व्यायामाचे अजून दोन आठवडे उरले होते. भावाच्या गावात तसा दवाखाना नव्हता, हे बायकोने नवऱ्याला एकदाच सांगितलं आणि मग ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. ती बोलत असे तेव्हा त्यांना शांतता हवी असायची. आता मिळाली, तर त्यांनी स्वतःच रेडिओ लावला.

सकाळी उठल्या उठल्या ते गाडी घेऊन गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे गेले. तो कमी बोलणारा माणूस होता. त्याने गाडी फिरवून आणली आणि किल्ली परत दिली.

"चांगली आहे."

"माझ्या सासूबाई बसल्या की बंद पडते."

इलेक्ट्रिशियनच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "मग त्यांना घेऊन या. बंद पडणारी गाडी आणाल तर दुरुस्त करीन. चालणारी काय दुरुस्त करू?"

बॅगा भरून बसलेल्या बाईला, तुम्ही बिघाड म्हणून येता का, असं विचारणं सोपं नव्हतं. काटेसाहेब दारात तीन वेळा खाकरले. सासूबाईंनी ऐकून घेतलं. "स्टेशनच्या वाटेवर आहे का?" त्यांनी विचारलं. वाटेवर होतं. "मग चला." बायकोही पर्स उचलून निघाली, ती आईला आगगाडीत बसवून द्यायला.

गॅरेजमध्ये इलेक्ट्रिशियनने पंपाच्या वायरीला एक छोटा दिवा जोडला आणि तो सगळ्यांना दिसेल असा आरशाला अडकवला. "पंपाला वीज आहे तोवर हा पेटलेला राहील. मावशी, बसा."

सासूबाई बसल्या. दिवा पेटलेला. त्याने गाडीचा मागचा भाग दोन्ही हातांनी एकदा दाबून सोडला. दिवा विझला.

"उठा." त्या उठल्या. दिवा पेटला.

"बसा." दाबलं. विझला.

काटेसाहेबांना हे सगळं वहीपेक्षा फारच थोडक्यात आटोपल्यासारखं वाटलं. इलेक्ट्रिशियनने सीट उचलली. खाली पंपाच्या वायरीचा जोड होता आणि बरोबर त्याच्यावर सीटची स्प्रिंग. दणका बसला की स्प्रिंग खाली येऊन जोड सैल करत होती. इंजिनात उरलेल्या पेट्रोलवर गाडी अर्धा मिनिट चालायची, मग संपायची. बसलेलं माणूस उतरलं की स्प्रिंग वर, जोड परत जाग्यावर.

"हा जोड कोणी दिलाय?"

"आधीपासूनच असेल तसा," काटेसाहेब म्हणाले.

"टेप नवी आहे."

काटेसाहेबांनी विषय शास्त्राकडे वळवला. "पण मी पन्नास किलो ठेवून बघितलं होतं. तेव्हा नाही पडली बंद. वजनं आहेत डिकीत."

इलेक्ट्रिशियनने वजनं आणली. सीट जागेवर टाकून वीस, वीस, दहा रचली आणि गाडी दाबली. दिवा पेटलेलाच. त्याने इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातली एक जुनी बॅटरी उचलून वजनांवर ठेवली आणि पुन्हा दाबलं.

दिवा विझला.

"ही बारा किलोची आहे," तो म्हणाला. "म्हणजे पन्नासला पंप चालतो. बासष्टला बंद."

बायको भिंतीवरचं टायरचं कॅलेंडर वाचू लागली. काटेसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच एका आकड्याकडे बघायचं टाळलं.

"एकसष्ट," सासूबाई म्हणाल्या. "त्या बॅटरीत पाणी जास्त झालं असेल."

काटेसाहेबांनी वजनं एकेक करून खाली उतरवली. मग हळूच म्हणाले, "जोड मीच दिलाय."

"टेपवरून कळलंच होतं," इलेक्ट्रिशियन म्हणाला आणि कामाला लागला. त्याने वायर कडेने फिरवून नवा जोड दिला. दहा मिनिटं लागली.

सासूबाई गाडीत बसल्या. काटेसाहेबांनी गाडी बाहेर काढली आणि नाक्यावर थांबवली. डावीकडे स्टेशन होतं, उजवीकडे दवाखाना. आरशात बघायचा त्यांना धीर होत नव्हता.

"दहाला पाच कमी आहेत," मागून आवाज आला. "आज पाय वाकवायला शिकवणार आहेत. उशीर नको."

त्यांनी गाडी उजवीकडे घेतली. शाळेपुढचा गतिरोधक आला. गाडी वर चढली, खाली उतरली आणि पुढे चालत राहिली. खुर्ची घेऊन निघालेला रखवालदार अर्ध्यातच थांबला.

बायकोने काल रात्रीपासून नवऱ्याला उद्देशून पहिलं वाक्य उच्चारलं. "आता दादाला फोन करून काय सांगू? तो कारण विचारेल. नेमकं काय झालं होतं म्हणू?"

"लूज कनेक्शन," सासू आणि जावई एकदम म्हणाले.